पुढचीचा कान, मागचीची ऊब

त्याचं खरं नाव गल्लीत कुणाला विचारलंत, तर माणूस विचारात पडेल. सगळे त्याला टेस्टर म्हणत. लोकांच्या खिशात पेन असतं तिथं याच्या खिशात टेस्टर. लग्नाच्या फोटोतसुद्धा कोटाच्या खिशातून त्याची लाल मूठ डोकावते, नवरीच्या आधी नजर तिच्यावर जाते. वायरमन चांगला होता. काम नेटकं, बोलणं मोठं. बोर्ड बसवून झाला की मिशीवर बोट फिरवून सांगायचा, "माझ्या कामात एक वायर उलटी दाखवा, ही मिशी उतरवून तुमच्या हातात देतो." लोक हसत. मिशी आजवर जागेवर होती.

त्या सोमवारी तो ताईकडे गेला, तो शेगडीची बटणं बदलायला. ताई त्याची थोरली बहीण, त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटीच राहायची. दाजी जाऊन पाच वर्षं झाली, मुलगा आणि सून दुसऱ्या गावी. गेली चार वर्षं तिच्या डोळ्यांत मधोमध धुकं होतं. कडेचं दिसे, समोरचं दिसत नसे. माणसाकडे बघायचं तर ती त्याच्या खांद्यापलीकडे बघे, कोंबडी दाणा बघते तशी मान तिरपी करून. पण स्वयंपाक स्वतः करायची. तिची विजेची शेगडी चार कॉइलींची होती, आणि चारही तिच्या हाताला पाठ होत्या.

दार उघडंच होतं. आत तिचं गुणगुणणं चाललेलं, नेहमीचंच.

*पुढचीचा कान पिळू, मागची तापते...*

टेस्टर हे गाणं कित्येक वर्षं ऐकत आला होता. तो आत आला की ताई पहिल्या ओळीशीच थांबायची. पुढची आणि मागची म्हणजे कुठल्यातरी दोन जावा असणार, एकीला बोललं की दुसरीला झोंबतं, असा त्याने अर्थ लावून टाकला होता.

"पायपुसणं सरकलंय, अडखळशील," ताई आतून म्हणाली.

"तुला दिसलं?"

"तुझ्या चपलेचा आवाज दोन पावलं अलीकडे थांबला. चहा आधी की काम आधी?"

"शेगडी तर मी उघडणार. चहा कशावर करशील, माझ्या डोक्यावर?"

"तुझं डोकं तेवढं तापत नाही आताशा," ती म्हणाली आणि पलंगावर शेंगा सोलायला जाऊन बसली.

टेस्टरने मेन पाडला. टेस्टर लावून दोनदा खात्री केली. चारही बटणांचे कान उपटून क्रमाने ओट्यावर मांडले. बटण म्हणजे वरून दिसतो तो नुसता कान. खरा स्विच खाली असतो, काडेपेटीएवढा, आणि त्याच्यातून कॉइलकडे दोन वायरी जातात. डावीकडचे दोन स्विच गेले होते. एक चरचरायचा, दुसरा मंद आचेवर थांबतच नसे. पत्रा उचलून त्याने काठीने टेकवला आणि आत बॅटरी मारली.

आत त्याचंच काम होतं, अकरा वर्षांपूर्वीचं. उष्णता सोसणाऱ्या पांढऱ्या वायरी, सगळ्या एकसारख्या. म्हणून त्याने तेव्हा टोकांना रंगीत टेप गुंडाळली होती, पुढच्या कॉइलला लाल, मागच्या कॉइलला निळी. टेप वाळून भाकरीच्या पापुद्र्यासारखी झाली होती, तरी रंग ओळखू येत होते. त्याला आपलाच अभिमान वाटला. मग त्याने बॅटरी स्विचकडे वळवली, आणि अभिमान तिथंच विझला.

लाल टेपच्या वायरी मागच्या बटणाला होत्या. निळ्या पुढच्या.

त्याने वायरींवरून बोट फिरवत नेलं. पुन्हा नेलं. चूक नव्हती, म्हणजे चूकच होती. डाव्या बाजूचं पुढचं बटण फिरवलं की मागची कॉइल तापणार, मागचं फिरवलं की पुढची. अकरा वर्षं.

कसं झालं तेही त्याला आठवलं, नको असताना आठवलं. त्या वर्षी कारखान्यातल्या एका मोटरचे दोन फेज त्याने उलटे जोडले होते. पट्टा उलटा फिरला, यंत्राचे दात मोडले, आणि त्याला घरी बसवलं. सहा महिने तो टेस्टर खिशात घालून नुसता दारात उभा राहायचा. कुणी पंखासुद्धा दुरुस्तीला देईना. तेव्हा ताईने ही शेगडी घेतली. गॅस चांगला चालू असताना घेतली. निरोप पाठवला, "माझ्या घरात वायर लावायला परका माणूस नको." हात थरथरत होते त्या दिवशी. शेवटी चारही बटणं एकदम फिरवली, चारही कॉइली लाल झाल्या, आणि तो म्हणाला, झालं. एकेक करून बघण्याचा धीर त्याच्यात नव्हता.

नंतर ताईने अख्ख्या इमारतीला सांगितलं, माझ्या भावाच्या हातचं काम बघा. त्या एका शेगडीवरून त्याला चौदा घरं मिळाली.

टेस्टरचे कान तापले. पलीकडे शेंगा फुटण्याचा आवाज येत होता, टिक, टिक. हिला कधी कळलंच नसेल? पहिल्यापासून तशीच आहे म्हटल्यावर शेगडीची रीतच अशी, असं वाटलं असेल. कुठलं बटण कुठल्या कॉइलचं ते दाखवणारे ठिपके तर घासून घासून कधीच गेलेत. आता उघडलंच आहे, नवे स्विच हातात आहेत, बरोबर जोडून टाकावं. कुणाला कळणार?

त्याने जोडलं. लाल पुढे, निळी मागे. नवी टेप गुंडाळली. जुन्या टेपचे तुकडे गोळा करून खिशात घातले, चोर बोटांचे ठसे पुसतो तसे. मेन चढवला, या वेळी एकेक बटण फिरवलं, तळहात वर धरला. पुढचं पुढची. मागचं मागची. कधी नव्हे इतकं बरोबर.

"झालं का रे?"

"झालं."

"काही बदल नाही ना? मला सांगून ठेव हो, माझे डोळे हातात आहेत आता."

आत्ता सांगायचं होतं. शब्द जिभेवर आले होते. पण त्यांच्यामागे मोटर आली, पट्टा आला, मिशी आली.

"आधीसारखंच आहे सगळं," तो म्हणाला.

मंगळवारी दुपारी तिचा फोन आला. "धाकट्या, एक विचारू? तू शेगडीत काही फिरवाफिरव केलीस का रे?"

"का गं?"

"पुढच्या कॉइलवर चाळण ठेवली होती प्लास्टिकची. तिचं पार चीक झालं. मी तर मागची लावली होती."

तो सोमवारी बोलला असता तर एकच गोष्ट सांगावी लागली असती. आता दोन सांगाव्या लागणार होत्या. आणि दोन दिवसांत हाताला सवय होईल की. माणसाला कशाचीही होते.

"नाही गं ताई. बटणं नवीन, एवढंच."

"मग माझंच डोकं," ताई म्हणाली. ती हसली, पण ते हसणं अर्ध्या वाटेवरून परत गेलं. "शेजारीण म्हणतच होती, या वयात आधी नजर जाते, मग ध्यान जातं."

त्याने फोन ठेवला. संध्याकाळी जेवणावर बसला तर घास तोंडातच घोळत राहिला. बायको म्हणाली, "मीठ जास्त झालंय का?" तो म्हणाला, "नाही, तू बरोबर केलंस." मग ताट सारून उठला.

गुरुवारी सकाळी ताईचा डावा तळहात भाजला.

दुधाचं पातेलं तिने मागच्या कॉइलवर ठेवलं, आणि अकरा वर्षांच्या सवयीने पुढचीचा कान पिळला. मग नेहमीप्रमाणे साखरेच्या डब्यासाठी वाकली. डबा मागच्या फळीवर, हात पुरत नाही, म्हणून पुढची थंड कॉइल ही तिची टेकायची जागा. तिने डावा तळहात त्या कॉइलवर टेकला, सगळा भार देऊन. पातेल्यातलं दूध गारच राहिलं.

भाचा रातोरात येऊन पोचला. शुक्रवारी दुपारी त्याने टेस्टरला बोलावून घेतलं.

"मामा, हत्यारं घेऊन या. शेगडीचं कनेक्शन कायमचं काढून टाकायचं. रविवारी टेम्पो येतोय. आईला नेतो."

टेस्टर जिना चढला तेव्हा पिशवी कधी नव्हे इतकी जड लागत होती. वर खोलीत खोकी पडलेली. सून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती, भाचा खिडकीशी फोनवर टेम्पोवाल्याला जिन्याची रुंदी सांगत होता. ताई पलंगाच्या कडेला बसलेली, पाहुणी आल्यासारखी. डावा हात उशीवर, बँडेजमुळे लहान मुलाच्या मोज्यासारखा दिसणारा.

"आलास?" ती त्याच्या खांद्यापलीकडे बघत म्हणाली. "काढ बाबा ती. माझा हात आता माझा राहिला नाही. सत्तरी ओलांडली, आणि पुढचं कुठलं, मागचं कुठलं कळेनासं झालं."

"ताई, तसं नाही."

"तसंच आहे. काल रात्री मी पडल्या पडल्या सगळं म्हणून बघितलं. मुलाचा वाढदिवस, तुझा जन्म झाला तो वार, दाजींच्या चष्म्याचा नंबर. सगळं आठवतं रे. तेवढं बटणच आठवत नाही. मग वाटलं, बाकीचं तरी खरं कशावरून? तेही मी चुकीचंच म्हणत असेन. सांगणार कोण?"

टेस्टर स्वयंपाकघरात गेला. मेन पाडला. टेस्टर लावून खात्री केली. कान उपटले, पत्रा उचलला, काठी लावली. आत त्याची नवी टेप झळकत होती, लाल पुढे, निळी मागे, देखणी. पक्कड वायरीला लागली. दोन मिनिटांचं काम. वायरी कापायच्या, टोकांना टेप लावायची, आणि ही गोष्ट त्याच्याशिवाय जगात कुणालाही ठाऊक राहणार नाही. ताई मुलाकडे जाईल, सुनेच्या घरात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसेल, आणि मरेपर्यंत स्वतःच्या हाताला घाबरेल.

त्याने पक्कड खाली ठेवली. बाहेर आला आणि ताईच्या पायाशी जमिनीवर बसला. असा तो लहानपणी बसायचा, खोडी करून आला की.

"मी फिरवल्या वायरी," तो म्हणाला.

"काय?"

"सोमवारी. पुढचीची पुढे केली, मागचीची मागे. अकरा वर्षांपूर्वी माझ्याकडूनच उलट्या लागल्या होत्या. तुला कळू नये म्हणून गुपचूप सरळ केल्या. मंगळवारी तू विचारलंस तेव्हाही खोटं बोललो. तुझं काही चुकलं नाही, ताई. तुझा हात बरोबर होता. शेगडी बदलली होती."

खोलीत फक्त वर्तमानपत्राची चुरचुर होती. मग तीही थांबली, पण सुनेची त्यांच्याकडे पाठ होती आणि तिला नीट ऐकू गेलं नसावं. ताईने चेहरा त्याच्याकडे वळवला, मग तिरपा केला, त्याला नजरेच्या कडेला पकडण्यासाठी.

"तीन दिवस," ती हळू म्हणाली. "तीन दिवस मी स्वतःला वेडी म्हणत होते."

"हो."

"भाजल्याचं काही नाही. बाई आहे, भाजणारच. पण मी तुला विचारलं होतं, धाकट्या. दुसऱ्या कुणाला नाही, तुला विचारलं होतं."

तो तिच्या पायाच्या नखांकडे बघत राहिला.

"आणि तुला काय वाटलं, मला ठाऊक नव्हतं?" ताई म्हणाली. "पहिल्याच दिवशी कळलं. भात पुढे ठेवला, तापली मागची. दाजी म्हणाले, बोलव त्याला, पाच मिनिटांत करून देईल. मी म्हटलं, खबरदार. सहा महिन्यांनी त्याने मान वर केलीय. उलटी वायर म्हणून त्याला घालवलं, आणि आता बहिणीनेही उलटी वायर काढून दाखवायची? उलटी तर उलटी. हाताला शिकवलं. विसरू नये म्हणून गाणं केलं."

"कुठलं गाणं?"

ताईने ते म्हटलं नाही, नुसतं सांगितलं, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं.

*पुढचीचा कान पिळू, मागची तापते,*
*धाकट्याच्या हातची गं खोडी मी झाकते.*

टेस्टरला पहिली ओळ ठाऊक होती. कुठल्या दोन जावा नव्हत्याच तर. दुसरी ओळ अकरा वर्षं त्याचा पायरव ऐकून गिळली जात होती. त्याने जोरात नाक ओढलं.

"रडायचं नंतर बघ," ताई म्हणाली. "मला सांगितलंस, आता त्याला सांग."

"ताई, तूच सांग ना. माझी..."

"मी सांगितलं तर तो म्हणेल, आई भावाला पाठीशी घालतेय. ऊठ. त्याच्यासमोर, आणि सुनेसमोर. जसं मला सांगितलंस तसं, काही गाळू नकोस."

तो उठला. भाच्याचा फोन संपेपर्यंत शिक्षा झालेल्या पोरासारखा खिडकीशी उभा राहिला. मग सांगितलं. उलट्या वायरी, दोनदा बोललेलं खोटं. मोटरचंही सांगितलं, ते कुणी विचारलं नव्हतं तरी.

भाचा ऐकत राहिला. लहानपणी याच मामाने त्याला सेलवर पेटणारा दिवा करून दिला होता. आवाज न चढवता तो म्हणाला, "मामा, आज सकाळी बँडेज बदलताना तुम्ही इथं असायला हवं होतं."

"हो."

"नुसतं हो काय? मी तिला डॉक्टरला म्हणताना ऐकलं, माझं डोकं तपासा. माझ्या आईने."

सुनेने हातातली गुंडाळलेली कढई खाली ठेवली. "म्हणजे सासूबाईंना काही झालेलं नाही," ती म्हणाली. ती एवढंच म्हणाली, पण वर्तमानपत्र उलगडून तिने कढई बाहेर काढली. भाचा तिच्याकडे बघत राहिला. मग फोन हातात घेऊन जिन्यात गेला. टेम्पोवाल्याला तो काय म्हणतोय ते आत नीट ऐकू येत नव्हतं, "आत्ता नको" एवढं आलं, आणि "पुढचं कळवतो."

"चल," ताई म्हणाली. "आता पूर्वीसारखं करून दे."

"उलटं?"

"माझ्यासाठी तेच सुलटं."

जिन्यातून परतलेला भाचा दारात थबकला. "मुद्दाम चुकीचं जोडायचं? ते धोक्याचं नाही का?"

"विजेच्या दृष्टीने काही फरक नाही," टेस्टर म्हणाला. "नुसते कान बदलतात. धोका आहे तो दुसरं कुणी वापरेल तेव्हा."

"मग लिहून ठेवा. मोठ्या अक्षरात."

त्याने जोडलं. आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून उलटं जोडत होता, आणि हात थरथरत नव्हते. लाल मागे, निळी पुढे. पत्र्याच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला, पुढच्या कुणा वायरमनसाठी: *डावीकडची दोन बटणं उलटी आहेत. घरच्या बाईंच्या हाताला अशीच पाठ आहेत. त्यांना विचारल्याशिवाय सरळ करू नये.* खाली स्वतःचं नाव घातलं, खरं नाव, जे गल्लीत कुणाला आठवत नाही. बाहेरच्या पट्टीवर पाहुण्यांसाठी दोन बाण काढले.

"मामा," सून दारातून म्हणाली, "मिशीचं काय मग?"

तो खाली बघत राहिला. तिने चेष्टा केली होती की बोचकारलं होतं, त्याला ठरवता येईना. कदाचित दोन्ही.

"मिशी राहू दे," ताई म्हणाली. "ती दिसते म्हणून तर मला कळतं, कोण आलंय." मग थोडं थांबून, "आजच्या दिवस नसतं कळलं तरी चाललं असतं."

मेन चढवला. ताई ओट्याशी आली, उजवा हात पुढे, डावा छातीशी धरलेला. बटणांपाशी पोचली आणि बोटं हवेतच राहिली. तिला भीती वाटत होती. टेस्टरने ती भीती पाहिली. गेल्या पाच दिवसांत त्याने पाहिलेली सगळ्यात वाईट गोष्ट तीच होती, बँडेजहूनही.

"मी हात धरतो," तो म्हणाला. त्याने आपला तळहात मागच्या कॉइलवर धरला, चार बोटं वर. "तू पुढचीचा कान पीळ."

तिने पिळला. कॉइलमध्ये बारीकशी टिकटिक झाली. थोड्या वेळाने त्याच्या तळहाताला ऊब लागली, मग धग, मग चटका. कॉइलच्या कडेला लाली चढू लागली.

"आली का?"

तो बोलला नाही. हातही काढला नाही.

"धाकट्या, आली का?"

दाराशी भाचा पुढे झाला. ताईने मान तिरपी करून त्याच्या हाताकडे पाहिलं, दिसण्यापुरतं दिसलं, आणि तिने बटण बंद केलं.

"काढ हात," ती म्हणाली. "तुझा भाजला म्हणून माझा निवायचा नाही. आणि एकच हात धड आहे माझा. उद्यापासून कणीक मळायला तू यायचंस, सकाळी सातला. हाताला फोड आले तर मळणार कशाने?"

त्याने हात काढला. तळवा लाल झाला होता. ताईने तो चाचपडत धरला, नळाखाली नेला, आणि पाणी सोडलं. सातला, ती पुन्हा म्हणाली, उशीर करू नकोस.